वरच्या अंगाला गेलेला दिवा

सुशे,

चारचौघांत मी तुला जन्मभर 'वन्सं' म्हणाले आणि 'तुम्ही' म्हणाले. नणंदेचा मान. दोघीच असलो की 'सुशे' आणि 'अगं'. आता तू गेलीस, तर चारचौघांतच 'सुशे' म्हणते. बघू कोण काय करतंय. मला ओरडायला या घरात माझ्याहून म्हातारं कुणी उरलेलं नाही.

परवा तुझा तेरावा झाला. तुझ्याबद्दल सगळे इतकं गोड बोलत होते की थोडा वेळ मला कळेना, हे नक्की कुणाबद्दल चाललंय. 'मायाळू', 'शांत', 'कुणाच्या अध्यात ना मध्यात.' तू? ज्या बाईनं गावातल्या तीन पिढ्यांच्या पोरींना मानगूट धरून नदीत टाकलं, ती शांत? मी तोंडाला पदर लावून हसत होते. त्यांना वाटलं रडते. शेजारणीनं पाठीवरून हात फिरवला, मग खरंच रडले. ते जाऊ दे.

मला तुला एक वाक्य द्यायचं आहे. पन्नास वर्षांहून जास्त झाली, अडवून ठेवलंय. ते द्यायचं म्हणून हे लिहायला बसले.

त्या वेळची मी तुला आठवते का? मला आठवते आणि अंगावर काटा येतो, लाजेचा. वीस वर्षांची सिंधू. सातवी पास. कोरेगाव तालुक्यातल्या या गावात तेव्हा सातवी पास सून म्हणजे सरस्वतीच उतरली म्हणायची, आणि मलाही तसंच वाटायचं. नवऱ्याचं मिलिटरीतून पत्र आलं की शेजारपाजार ऐकेल एवढ्या मोठ्यानं वाचायचे. आणि हिंमत? विचारू नकोस. पाण्याला भ्यायची, म्हशीला भ्यायची, सासूच्या खोकल्याला भ्यायची. दर दोन मिनिटांनी पदर सारखा करायची, जसं काही सगळं जग माझा पदर बघायलाच बसलंय.

तू तेव्हा दिलेली होतीस खाली, सांगलीकडं. माधवनगरला, गिरणीत कामाला असलेल्या माणसाला. माहेरी आलीस की पहिलं काम नदी. मलाही ओढून न्यायचीस. वाळलेला भोपळा पाठीला बांधून मी खडकावर बसायची ती उठायचीच नाही. "वैनी, कासव दिसतीस निव्वळ," म्हणायचीस. "कासवसुदीक पान्यात जातं गं!"

आणि तुझा तो नियम. लोक पोहायला लागले की पाण्याबरोबर खाली जातात, सोपं असतं म्हणून, आणि दमल्यावर परत यायला ताकद उरत नाही. तू पोरींना शिकवलंस ते उलटं. पहिल्यांदा पाण्याच्या विरुद्ध, वर. दम संपेपर्यंत वर. मग पाठीवर पडायचं, नदी आणून घरी सोडते. आधी वर, मग खाली. ही तुझी सगळी गीता.

एकदा तुझ्या पाठीला भोपळ्याची दोरी बांधायला तू मला हाक मारलीस. चोळी ओली होती, पाठीला चिकटलेली. मी आतलं बघितलं. निळे, पिवळे वळ, काही जुने, काही त्याच महिन्यातले. मी दोरीची गाठ मारली. घट्ट नाही ना झाली, एवढंच विचारलं. तू म्हणालीस, "न्हाई. हिथं काय घट्ट न्हाई." सातवी पास बाईला तेवढं मराठी कळलं. पण तिनं पदर सारखा केला आणि खडकावर जाऊन बसली.

मग त्या माघात आत्याबाई गेल्या. तुझी आई, माझी सासू. मला पाचवा महिना होता.

आपल्या भावकीची ती रीत आता बाहेरच्यांना सांगावी लागते. दहाव्याच्या दिवशी तिन्हीसांजेला लेकीसुनांनी कणकेचा दिवा पळसाच्या द्रोणात ठेवायचा आणि नदीत सोडायचा. सोडला की पाठ फिरवायची. घर येईपर्यंत मागं बघायचं नाही. दिवा पाण्याबरोबर खाली जातो आणि माणूस आपल्या वाटेनं जातं. कुणी मागं बघितलं तर त्याचा पाय अडकतो, असं म्हणतात. आणि गरवार बाईनं तर मुळीच बघायचं नाही, पोटातल्यावर जातं.

दिवा तूच सोडलास. आम्ही सगळ्या वळलो. पुढं नानी, माझी थोरली चुलत सासू. तिच्या शब्दापुढं पुरुषसुद्धा टोपी काढायचे. तिच्या मागं सगळ्या बायका, आणि शेवटी आपण दोघी.

आणि मी वळून बघितलं. मायेपोटी नाही, भक्तीनं नाही. कुणी 'बघू नको' म्हटलं की माझी मान आपोआप फिरते. तेवढी एकच गोष्ट त्या सिंधूतून या म्हातारीत शाबूत आलीय.

दिवा दहाबारा हात खाली गेला होता. तिथं तो थांबला. काही विसरलं म्हणून बाई वाटेत थांबते तसा. मग फिरला. काठाकाठानं नाही, काठाला पाणी कधीकधी उलटं फिरतं हे मलाही माहीत होतं. मधोमध, जिथं धार सगळ्यात जास्त ओढते तिथून तो वर यायला लागला. वारा नव्हता. पळसाचं एक पान हलत नव्हतं. आणि ज्योत मागं झुकायला हवी ना? ती पुढं झुकली होती, चालणाऱ्या बाईच्या मानेसारखी. आत्याबाई अशाच चालायच्या, मान पुढं काढून. आपल्यासमोरून तो गेला आणि वर, वळणापर्यंत गेला, आणि वळणावर वळला.

मी बाजूला बघितलं तर तू माझ्याकडं बघत होतीस. नजरानजर झाली. ती नजर मी रोज बघते.

घरी आल्यावर उंबऱ्याशी नानीनं रीतीप्रमाणं विचारलं, "मागं कुनी बघितलं का गं?" याला रीतीप्रमाणं सगळ्या 'न्हाई' म्हणतात. तू म्हणालीस, "म्या बघितलं. आईचा दिवा वर गेला, नानी. पान्याच्या उलटा. आई मला सांगतीया, खाली जाऊ नगं. मी माधवनगरला जानार न्हाई."

गोठ्यात म्हैस दावं ओढत होती. नानी म्हणाली, "एकटीनं बघितलं तर ते याड, पोरी. दोघींनी बघितलं तर कौल. दुसरी कोन हाय? दुसरी असंल तर माझा शबूद हाय, तुला हितनं कुनी हलवनार न्हाई."

तू माझं नाव घेतलं नाहीस. फक्त माझ्याकडं बघितलंस. मग नानीनंही बघितलं.

"सिंधू? तू हुतीस का हिच्या संगं?"

"हुते."

"बघितलंस?"

सुशे, मी तेव्हा काय काय विचार केला म्हणशील? काही नाही केला. पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "न्हाई. मी कशाला बघंन?" वर पदर सारखा केला.

तिसऱ्या दिवशी तुला बैलगाडीनं स्टेशनवर नेलं. आई गेल्यानं पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असा निरोपही माणसाबरोबर धाडला. म्हणजे मी नुसतं तुला परत नाही पाठवलं. त्यांच्या हातात काठी देऊन पाठवलं.

वैशाखात मी नदीवर घागर घेऊन गेले होते. दिवस भरत आलेले, चालणं बदकासारखं. ऊन उतरलं होतं. पाणी गुडघ्याएवढं, दगड उघडे पडलेले. खालच्या अंगानं पाण्यातून कुणीतरी येत होतं. काठानं नाही, पाण्यातून. एक बाई. चेहरा दिसत नव्हता, केस मोकळे, मान पुढं काढलेली. मला आत्याबाईच वाटल्या. त्या सिंधूनं मग काय केलं? घागर सोडली आणि दातखीळ बसवून घेतली. घागर पाण्यानं गडगडत खाली गेली, त्या बाईनं ती एका हातानं धरली आणि वर घेऊन आली.

"वैनी, घागर धर," तू म्हणालीस. "दातखीळ नंतर बसव."

सहा दिवस चालत होतीस. रस्त्यानं आले असते तर कुणीतरी ओळखीचं भेटलं असतं, समजूत काढून परत नेऊन घातलं असतं, म्हणालीस. नदीत कुणी वाट अडवत नाही. पात्रातल्या वाळूत लावलेली कलिंगडं फोडून खाल्लीस. आणि कराडला चुकलीस. कोयना तिथं समोरून येऊन मिळते, आणि तू सरळ कोयनेतच वर गेलीस, अर्धा दिवस. "पानी लय गार लागाया लागलं," म्हणालीस, "तवा समाजलं, ही आपली न्हवं." परत फिरलीस. ही गोष्ट तू पुढं हजारदा हसून सांगितलीस. वाट कशी कळत होती, हे कुणी विचारलं की मात्र गप्प. मला एकदाच म्हणालीस, "फुडं हुता की. दिसायचा मावळतीला."

तुझ्या डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. माघात येत होतं. मधल्या तीन महिन्यांचं तू कधी काही सांगितलं नाहीस आणि मी कधी काही विचारलं नाही. पण तो कान माझा आहे, सुशे. त्या 'न्हाई'चा आहे.

नानीनं तुला ठेवून घेतलं. "पान्याच्या उलटी आलेली हाय, हिला पान्यात ढकलाय मला जमनार न्हाई," एवढंच बोलली. दाजी न्यायला आले तो दिवस तर गावाला सणासारखा. टेरिलिनची पँट, पायात बूट. तू सरळ नदीत जाऊन कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "या, न्या." त्यांना पोहता येत नव्हतं. ते काठावर, तू पाण्यात. असं दुपारपर्यंत. गावातल्या बायका धुणं नसताना धुणं घेऊन आल्या. शेवटी कुणीतरी त्यांना चहा दिला. ते दोनदा आले, दोन्ही वेळा चहा पिऊन गेले.

मी मात्र हसले नाही. मला नववा होता. आणि पोटातलं आडवं नव्हतं, उलटं होतं.

विलास पायाळू जन्मला. आधी पाय. सुईण म्हणाली, लय नशिबाचं लेकरू, पायाळूला जमिनीतलं पाणी दिसतं. गावात कुणाच्या पाठीत चमक भरली की त्याला उचलून न्यायचे, पाय लावायला. मी कौतुकानं मिरवायची. पण जन्मल्यावर नानी आत आली होती. तिनं बाळाचे तळवे बघितले, मग मला बघितलं. कानाशी वाकून म्हणाली, "बघितलं हुतंस न्हवं?" बाळंतिणीला बोलता येत नाही असं सोंग मी केलं. नानीनं ते गुपित तसंच नेलं. तू मात्र माझ्याबरोबर राहिलीस. पन्नास वर्षं एका चुलीला.

आणि दर वर्षी आत्याबाईंच्या तिथीला, खडकावर बसून, तेच. "वैनी, खरं सांग. तू बघितलास का न्हाई?"

तू मला कधीच 'खोटारडे' म्हणाली नाहीस. त्याचंच मला नवल वाटायचं. आपली नजरानजर झाली होती, तुला माहीत होतं. मग का विचारते ही? कळायला फार वर्षं लागली. त्या तीन महिन्यांत तुला इतक्यांनी 'याड लागलंय' सांगितलं होतं की तुझी तुलाच खात्री उरली नव्हती. तुला मला पकडायचं नव्हतं. तुला तुझा दिवा परत हवा होता.

आणि मी? "म्हातारे, भुतं दिसतात तुला. चल, ऊन उतरलं." दर वर्षी नवीन थट्टा. एका वर्षी म्हणाले, "दिवा न्हवं गं, तो मासा हुता, बिडी वडत चाललेला." तू हसलीस. एवढी हसलीस की मला वाटलं, संपलं. पुढच्या वर्षी परत, "वैनी, खरं सांग."

तसं बघितलं तर तू काहीच सरळ केलं नाहीस. सगळ्यांनी ऊस लावला तेव्हा तू घेवडा लावलास. पोरींना पोहायला शिकवलंस तेव्हा त्यांच्या आया भांडायला आल्या. त्या पोरींच्या पोरी आता प्लॅस्टिकचे कॅन बांधून शिकतात, तुला ते कॅन बघवायचे नाहीत. "भोपळा जीव लावतो," म्हणायचीस, "डबा काय लावनार?" शेवटच्या पावसाळ्यापर्यंत पोहत होतीस. मग दम लागायला लागला आणि तुझा भोपळा मागच्या पडवीत खुंटीला गेला.

आता शेवटची दुपार सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तू उजव्या कुशीवर झोपली होतीस. म्हणजे वर डावा कान. घरात कुणी नव्हतं. मी वाकले आणि त्या कानात म्हणाले, "सुशे, म्या बघितला हुता. वर गेला. मधून गेला. आत्याबाईच हुत्या."

बघ माझी हुशारी. बोलायचं तर होतं, पण ऐकू जायला नको होतं. सिंधू म्हातारी झाली, मोठी झालीच नाही.

तू हललीही नाहीस. मी सुटले म्हणून पाणी प्यायला उठणार, तेवढ्यात तू हात वर केलास. दोन बोटं. सरळ. दोघी.

आणि मी काय म्हणाले? "दोन नंबरला जायचंय का?"

तू डोळे मिटूनच हसलीस. पोट हललं, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हतीस.

ते बहिऱ्या कानातून आत कसं गेलं? तू मागं एकदा म्हणाली होतीस, त्या कानानं माणूस ऐकू येत नाही, नदी ऐकू येते. मला वाटलं, बायका म्हणतात असं काहीतरी.

आता तुझ्या दहाव्याचं.

यंदा मी सगळ्यांत मोठी, म्हणजे नानीच्या जागेवर. दिवा गौरीनं सोडला, विलासच्या थोरलीनं. तुझी ही सगळ्यात लाडकी. खाली मिरजेला दिलेली. तू आजारी पडलीस म्हणून बघायला आली ती गेली नाही. दीड महिना. कुणी विचारलं, "कधी जाणार गं?" की म्हणायची, "आत्याआज्जीचं होऊ दे." फोन वाजला की मागच्या परसात जायची आणि आली की तोंड धुवायची. तिचा बाप म्हणायचा, भांडणं सगळीकडं असतात. मी तिची पाठ बघितली नाही. पण दर वेळी तोंड धुतल्यावर ती पदर, म्हणजे ओढणी, सारखी करायची. मला ते ओळखीचं आहे.

आता खाली बंधारा झालाय. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की आपल्या घाटाशी पाणी तळ्यासारखं उभं राहतं. गौरीनं दिवा सोडला, आम्ही पाठ फिरवली आणि चालायला लागलो. मी काठी टेकत पुढं, बायका मागं. खरं सांगू? या वेळी मान फिरली नाही. मानेला पट्टा आहे. आणि फिरली असती तरी काय, एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्यात ड्रॉप. मला चार हातांवरची म्हैस दिसत नाही.

उंबऱ्याशी आले. वळले. सगळ्या थांबल्या. पुरुष अंगणात खुर्च्या टाकून बसले होते. मी रीतीप्रमाणं विचारलं, "मागं कुणी बघितलं का गं?"

"नाही, नाही," सगळ्या.

गौरी म्हणाली, "मी बघितलं, आज्जी."

"गौरे!" तिची आई.

"दिवा वर गेला. वळणापर्यंत. आज्जी, मी खोटं नाही सांगत. मी परत मिरजेला जाणार नाही."

या पोरीला तुझा तो दिवा मी कधी सांगितला नव्हता. तू सांगितला असशील तर तुलाच माहीत. मला विचारायला तू नाहीस.

विलास खुर्चीतून उठला. "वारा असतो संध्याकाळी. बंधाऱ्यामुळं पाण्याला ओढ नाही, वाऱ्यानं सरकतो दिवा. त्याचा आणि मिरजेचा काय संबंध? उगाच लोकांत तमाशा नको. उद्या सोडून येतो मी तिला."

त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. सरकत असेल. पायाळू असून त्याला पाणी कधी दिसलं नाही, ते सोड.

पण मी बघत होते गौरीकडं. ती कुणाचं नाव घेत नव्हती. नुसती उभी होती. एकटी.

"मी पण बघितला," मी म्हणाले.

विलास म्हणाला, "आई, तुला दिसतंय का तरी?"

"हे बघ, तुझ्या जन्माच्या आधी, तुझ्या आज्जीच्या दहाव्याला, मी असाच दिवा बघितला होता आणि नाही म्हणाले होते. याच उंबऱ्यात. सुशी खरं बोलत होती आणि मी तिला परत पाठवली. तिचा कान गेला तो माझ्यामुळं गेला. हे मला तिला उजव्या कानात सांगता आलं नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगते. आणि आज मी बघितला. दोघींनी बघितलं की कौल असतो. पोरगी इथनं हलणार नाही. कुणाला न्यायची असेल त्यानं आधी माझ्याशी बोलायचं, आणि मला ऐकू चांगलं येतंय."

विलास माझ्याकडं बघत होता, मग स्वतःच्या पायांकडं बघायला लागला. मग एकदम गौरीला म्हणाला, "काय झालंय तिकडं? मला का नाही सांगितलंस?" गौरी रडायला लागली. मी म्हटलं, ते सगळं आत जाऊन बोला, थंडीत नको.

बघितलंस ना काय केलं ते? तेव्हा बघितला आणि 'नाही' म्हणाले. आता काही दिसलं नाही आणि 'हो' म्हणाले. फिटंफाट झाली असं मी म्हणणार नाही, तेवढी निर्लज्ज झाले नाही अजून. पण 'हो' म्हणताना जीभ अडखळली नाही, हे तुला कळावं.

आणि मला वाटलं होतं, झालं. इथं तुझी गोष्ट संपली. मी थोडी खूशही होते स्वतःवर.

आम्ही आत गेलो. सगळे नदीवर होतो म्हणून घराला कुलूप होतं, विलासनंच काढलं. गौरी तोंड धुवायला मागच्या पडवीत गेली आणि तिथंच उभी राहिली. हाक मारली नाही तिनं. मी आपणहून गेले, काठी न घेता, भिंतीला धरून.

टप. टप.

खुंटीला तुझा भोपळा होता. पावसाळ्यापासून वाळून खडखडीत झालेला. तो निथळत होता. दोरी फुगलेली, काळी पडलेली. खाली फरशीवर पाणी साचून त्याचा ओघळ उंबऱ्याकडं चालला होता. फरशीचा उतार परसाकडं आहे, सुशे. तूच गवंड्याशी भांडून करून घेतला होतास. ओघळ उताराला नाही, आत, घराकडं येत होता.

"मी नाही भिजवला, आज्जी," गौरी म्हणाली.

मी हात लावला. गार. आपल्या नदीचं पाणी थंडीतसुद्धा असं गार नसतं. बोटं बधिर झाली. तुझी रक्षा तिसऱ्या दिवशी आम्ही घाटावर सोडली होती, खालच्या अंगाला. गेली असशील कराडपर्यंत. आणि परत वर येताना, मला वाटतं, पुन्हा चुकलीस तिथं. शिरलीस कोयनेत. पन्नास वर्षं सगळ्यांना हसून सांगितलीस ती चूक, आणि शहाणी झाली नाहीस.

मला भीती वाटली नाही असं नाही. पण पदराला हात गेला नाही.

"आज्जी," गौरी अगदी हळू म्हणाली, "हे तुला दिसतंय ना? खरं सांग."

तोच सूर. तीच दोन अक्षरं, 'खरं'. मी तिचा हात धरला, ओघळावर पाय पडू नये म्हणून दोघी भिंतीला सरकलो, त्याला आत जायला वाट दिली.

"दिसतंय गं," मी म्हणाले. "म्या बघितलं."